एका मिनिटाचं गणित

मुलांनो, घड्याळ समोर ठेवून शांत बसा आणि एका मिनिटात आपण किती वेळा श्वास घेतो ते मोजा. आकडा वीसच्या आसपास येईल. आता घरात किंवा शेजारी तान्हं बाळ असेल, तर ते झोपलेलं असताना त्याच्या पोटाकडे बघा. पोट वर गेलं, खाली आलं की एक श्वास. तुम्ही चाळीसच्या आसपास मोजाल! निरोगी बाळाचा श्वासही आपल्यापेक्षा भरभर चालतो. पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा साठ किंवा त्याहून जास्त झाला आणि पुन्हा मोजूनही तेवढाच आला, तर तो धोक्याचा इशारा समजायचा. बाळाला न्यूमोनिया झालेला असू शकतो.

या साध्या मोजणीचा मोठा उपयोग आपल्याच राज्यात झाला. आपलं सोलापूर महाराष्ट्राच्या दक्षिणेला, तर गडचिरोली थेट पूर्वेच्या टोकाला, जंगलाचा जिल्हा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत शिकून परत आले आणि तिथं त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. गावं लांब, दवाखाना त्याहून लांब. न्यूमोनियानं लहान मुलं दगावत होती. गावातल्या सुईणींना तो ओळखता यावा म्हणून श्वास मोजायचं साधन तयार झालं. पण शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं साठपर्यंत मोजायचं कसं? म्हणून त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की औषध सुरू! या कामाचा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला.

तरीही एक दुःख उरलंच. जन्मल्यावर पहिल्या २८ दिवसांत जाणारी बाळं पुष्कळ होती. १९९३ ते १९९५ या काळात तिथं दर हजार बाळांमागे सुमारे ६२. पन्नास मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. त्यातली तीन मुलं जन्मानंतरचा पहिला महिनाही पार करू शकली नसती, असा हा हिशोब आहे.

शंभरातली सुमारे ४२ बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. काही तर दिवस पुरे भरण्याआधीच जन्मलेली. अशा बाळाच्या अंगावर चरबी नसते, ते लवकर गार पडतं. दूध ओढायची ताकद नसते. जंतूंची बाधाही चटकन होते.

मग ‘सर्च’नं ३९ गावांत त्याच गावातल्या बायका निवडल्या. शिक्षण किती, तर पाचवी ते दहावी! म्हणजे तुमच्याएवढंच. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करायला, ताप बघायला, श्वास मोजायला आणि सगळं वहीत लिहायला शिकल्या. अशक्त बाळाला ऊब देणाऱ्या पिशवीत ठेवायचं, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास द्यायचा, हेही शिकल्या. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला आधी दवाखान्यात न्यायला सांगायचं; आईवडील तयार नसतील, तर त्यांच्या संमतीनं घरीच इंजेक्शन द्यायचं.

डॉक्टर नसलेल्या बाईनं इंजेक्शन द्यायचं? शंका येणारच. तिचं उत्तर आकड्यांनी दिलं. तिसऱ्या वर्षी या गावांत हजारी ६२ वरून आकडा सुमारे २५ वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या बाकीच्या ४७ गावांत मात्र तो साठच्या आसपासच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये हे संशोधनही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे २०११ साली भारत सरकारनं ‘घरच्या घरी नवजात बाळाची काळजी’ ही पद्धत देशभरासाठी स्वीकारली. तुमच्या गल्लीतल्या आशाताई जन्मानंतरच्या ४२ दिवसांत बाळाला पुन्हापुन्हा बघायला येतात, ते याच कार्यक्रमात.

आता पालकांसाठी चार शब्द. बाळ जन्मताच कोरडं करून आईच्या अंगाशी धरावं, तासाभरात अंगावर पाजावं. पहिलं पिवळसर दूध टाकून देऊ नये. मध, गुटी काही चाटवू नये. अंघोळीची घाई नको, छोट्या बाळाला तर मुळीच नको. आपल्या सोलापुरी चादरीची ऊब आपण जाणतोच. पण अशक्त बाळाला आईच्या अंगाची ऊब सगळ्यांत चांगली. बाळ दूध पिईनासं झालं, मलूल किंवा गार पडलं, ताप आला किंवा श्वास जोरात चालू लागला, तर अंगारे-धुपारे करत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा.

आणि मुलांनो, तुमचंही काम आहे बरं का! साबणानं हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही, सर्दी-खोकला असेल तर लांबूनच बघायचं. श्वास कसा मोजायचा हे आज घरात सगळ्यांना दाखवा. आजीला तर नक्कीच.