भिंतीतील ओल

पावसाळ्यात अनेक घरांच्या भिंतींवर ओलसर डाग दिसतात. रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खोलीत कुबट वास येतो. उर्दूत आपण याला 'सीलन' म्हणतो. मराठीत 'ओल' म्हणतात.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथील आमच्या घरात अब्बा दरवर्षी एका भिंतीला नवा रंग देत. जुलै आला की डाग परत दिसे. भिंतीवर बुरशी येई आणि त्या खोलीत झोपणाऱ्या दादीचा दमा वाढे. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याने भिंत पाहिली. तो म्हणाला, "रंग नंतर द्या. पाणी कुठून येते, ते आधी शोधा."

मुलांनो, भिंतीत पाणी मुख्यतः तीन वाटांनी येते.

पहिली वाट जमिनीची. विटा आणि जांभा दगड यांत बारीक छिद्रे असतात. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे या छिद्रांतून पाणी वर चढते. ही ओल बहुधा जमिनीपासून सुमारे ३ फुटांपर्यंत दिसते. पाणी वाळले की क्षार मागे राहतात. यालाच 'लोणा लागणे' म्हणतात. असे होऊ नये म्हणून घर बांधतानाच जोत्यावर पाणी अडवणारा थर घालतात.

दुसरी वाट बाहेरची. फुटलेली कौले, गिलाव्यातील भेगा आणि गळकी पन्हळ यांतून पाणी आत शिरते.

तिसरी वाट हवेची. स्वयंपाकाची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांमुळे हवेत बाष्प वाढते. ते थंड भिंतीवर पाणी होऊन बसते. अशा वेळी खिडक्या उघडाव्यात आणि कपाट भिंतीपासून थोडे दूर ठेवावे.

ओल कोणती, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. भिंतीचा थोडा भाग पुसून कोरडा करा. त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला पाणी असेल, तर ते हवेतले आहे. आतल्या बाजूला असेल, तर ते भिंतीतले आहे. मात्र ओल्या भिंतीवरील विजेच्या बटणाला कधीही हात लावू नका.

आमच्या घराची पन्हळ गळत होती. अब्बांनी ती दुरुस्त केली, भिंत उन्हाळाभर वाळू दिली आणि मगच रंग दिला. पुढच्या जुलैत डाग आला नाही. दादीला त्या खोलीत शांत झोप लागली.

रंगाने डाग झाकतो, ओल जात नाही. पाण्याची वाट बंद केली, तरच भिंत कोरडी राहते.

स्वाध्याय

१. भिंतीत पाणी कोणत्या तीन वाटांनी येते?
२. दरवर्षी रंग देऊनही डाग परत का दिसे?
३. वाक्यात उपयोग करा : कुबट, पापुद्रा, गवंडी.
४. वाटीत थोडे रंगीत पाणी घ्या. त्यात खडू उभा ठेवा. काय दिसते ते पाच ओळींत लिहा.