वर्धा जिल्ह्यातील परसबागेत परदेशी फळझाडे : निवड व जोपासना

घरामागील परसात चार-दोन फळझाडे असावीत, मुलाबाळांस घरचे ताजे फळ मिळावे, ही इच्छा बहुतेक कुटुंबांची असते. अलीकडे ड्रॅगन फ्रूट, ॲव्होकॅडो, रामबुतान, मँगोस्टीन अशा नव्या फळांची रोपे सहज मिळू लागली असून ती हौसेने लावली जातात. पावसाळ्यात लावलेले रोप दिवाळीपर्यंत जोमाने वाढते, हिवाळ्यात तग धरते, आणि मे महिन्याच्या उन्हात करपून जाते. यात रोपाची किंमत तर जातेच, शिवाय परसातील मोजकी जागा व एक-दोन वर्षांची मेहनतही वाया जाते. पुष्कळदा हा दोष निगराणीचा नसून निवडीचा असतो. म्हणून रोप आणण्यापूर्वी ते आपल्या हवेत व जमिनीत टिकेल किंवा नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

परकी झाडे, आपली झालेली

परदेशी फळझाड ही काही आजची गोष्ट नव्हे. पेरू, पपई, सीताफळ, रामफळ व चिकू ही सर्व झाडे मूळची अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशातली आहेत. पेरू तर विदर्भात इतका रुळला की त्यास ‘जाम’ हे घरगुती नाव मिळाले. ही झाडे येथे टिकली याचे कारण त्यांचा स्वभाव येथील ऋतुमानाशी जुळला. नव्या झाडाची परीक्षाही याच कसोटीवर करावी.

उन्हाळा हीच कसोटी

वर्धा जिल्ह्यात पाऊस साधारणपणे १,००० मिलिमीटर पडतो. परंतु त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत संपतो. मे महिन्यात उष्णतामान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि हवा अत्यंत कोरडी असते. उष्ण कटिबंधातील सर्व झाडांस असा उन्हाळा मानवतो, ही समजूत चुकीची आहे. केरळच्या पावसाळी प्रदेशातील झाडासही उष्णता लागते, परंतु तेथील हवा दमट असते. कोरड्या वाऱ्यात पानांतून पाणी जितक्या वेगाने उडून जाते तितक्या वेगाने मुळे ते पुरवू शकत नाहीत. म्हणून आळ्यात भरपूर पाणी असूनही पानांच्या कडा जळतात.

यावरून निवडीचा एक सोपा नियम निघतो. जे झाड उन्हाळ्यात विश्रांती घेते, ते येथे निर्धास्तपणे लावावे. जे बारमाही हिरवे असून उन्हाळ्यातही पाणी मागते, ते विहिरीस मे अखेरपर्यंत पाणी पुरत असेल तरच लावावे. ज्यास दमट हवाच लागते, त्याचा मोह टाळावा.

काळी जमीन व खड्डा

जिल्ह्यातील बरीचशी जमीन काळी व भारी आहे. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत खोल खड्डा करून तो हलक्या माती-खताने भरला, तर आजूबाजूचे पाणी त्यात मुरते व खड्डा टाक्याप्रमाणे भरून राहतो. मग मुळांस हवा न मिळाल्याने ती कुजतात. यास्तव भारी जमिनीत खड्डा ६० सेंटिमीटरपेक्षा खोल करू नये. निघालेल्या मातीतच थोडा मुरूम व दोन-तीन पाट्या चांगले कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरावा, त्यावर दीड ते दोन फूट उंचीचा पसरट उंचवटा करावा व रोप त्या उंचवट्यावर लावावे. पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी उताराच्या बाजूने चर काढावा.

चुनखडीयुक्त जमिनीत झाडास लोह मिळेनासे होते. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्यास ही उणीव ओळखावी. अशा वेळी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व २५ ग्रॅम चुना मिसळून, गाळून, सायंकाळी पानांवर फवारावे.

लावण्यायोग्य झाडे

*पेरू (जाम) :* परसात प्रथम मान या झाडास द्यावा. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. संत्र्याच्या मानाने हे प्रमाण सुमारे चौपट होय. पुण्याच्या गणेशखिंड केंद्रावर निवडलेला ‘सरदार’ ऊर्फ ‘लखनौ-४९’ हा वाण चांगला आहे. मृग बहार धरण्यासाठी एप्रिल-मे महिन्यांत मोठ्या झाडाचे पाणी तोडावे. ज्या काळात विहिरी आटतात त्याच काळात झाडास ताण हवा असतो, ही मोठीच सोय होय. हिवाळ्यात मिळणाऱ्या या फळांस फळमाशीचा उपद्रवही पावसाळी फळांच्या मानाने कमी होतो.

*सीताफळ :* हे झाड उन्हाळ्याच्या तोंडी पाने गाळते व पावसाबरोबर पुन्हा पालवते. हलकी, मुरमाड जमीनही त्यास चालते. ‘बाळानगर’ हा प्रचलित वाण असून बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का सहन’ हा संकरित वाण कमी बियांचा व अतिशय गोड आहे. पिठ्या ढेकूण पसरविण्यास मुंग्या मदत करतात. त्या चढू नयेत म्हणून खोडाभोवती चिकट पट्टी बांधावी.

*पपई :* लवकर फळ देणारे व ‘अ’ जीवनसत्त्वास उपयुक्त असे हे झाड आहे. मात्र बुंध्याशी एक-दोन दिवस पाणी साचले तरी ते मरते. भारी जमिनीत पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागण करावी. ‘वॉशिंग्टन’सारख्या वाणात नर व मादी झाडे वेगळी असल्याने एका ठिकाणी दोन-तीन रोपे लावून फुलोऱ्यानंतर जादा नर काढावेत. ‘रेड लेडी’ या वाणात नुसती नर झाडे येत नाहीत. पानांवर चट्टे व फळांवर वलये दिसल्यास तो मावा किडीमार्फत पसरणारा विषाणुरोग समजावा व झाड त्वरित उपटून नष्ट करावे.

*चिकू :* बारमाही पाण्याची खात्री असेल तरच खिरणीच्या खुंटावर बांधलेले ‘कालीपत्ती’चे कलम लावावे. झाड मोठे होते, म्हणून त्यास चोहोबाजूंनी पाच मीटर जागा सोडावी.

*ड्रॅगन फ्रूट :* मध्य अमेरिकेकडील हा वेलवर्गीय निवडुंग आहे. गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्यास ‘कमलम’ हे नाव दिले. हे झाड पर्णरंध्रे रात्री उघडते, म्हणून त्यास पाणी थोडे लागते. सुमारे दीड मीटर उंच खांब रोवून वर वर्तुळाकार आधार द्यावा व भोवती चार रोपे लावावीत. निवडुंग आहे म्हणून ऊन सोसेल असे मात्र मानू नये. ४० अंशांवरील उन्हात त्याची खोडे पिवळी पडून भाजतात व पुढे कुजतात. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत त्यावर सावलीची जाळी बांधावी आणि पाऊस सुरू होताच काढून घ्यावी, कारण फुले पावसाळ्यात येतात व त्यांस प्रकाश हवा असतो.

न लावण्याजोगी झाडे

मँगोस्टीन, रामबुतान व दुरियान यांस दमट हवा लागते. निलगिरीच्या उतारावर कल्लार व बर्लियार येथे मँगोस्टीन होते, ते तेथील ओलसर हवेमुळे. बियांपासून वाढविलेल्या या झाडास फळ येण्यास आठ-दहा वर्षे लागतात. तेवढे उन्हाळे ते येथे काढू शकत नाही. ॲव्होकॅडोचे रोप बियांपासून सहज उगवते, परंतु त्याची मुळे पाणी साचणाऱ्या जमिनीत कुजतात व पाने उन्हात करपतात.

पाणी, आच्छादन व सावली

नवे रोप पहिले दोन उन्हाळे जगले की अर्धे काम झाले. रोपाजवळ दहा लिटरची मातीची घागर गळ्यापर्यंत पुरून, तळाच्या भोकात कापडी वात घालून ती भरीत राहावे. आळ्यात सोयाबीनचे कुटार वा वाळलेला पाला चार बोटे जाड पसरावा. तो बुंध्यास चिकटू देऊ नये. पश्चिमेचे ऊन सर्वांत घातक असते, म्हणून त्या बाजूस पऱ्हाटी किंवा तुऱ्हाट्यांचा ताटवा उभा करावा. आर्वी, आष्टी व कारंजा भागांतील संत्रा बागाईतदार खोडास बोर्डो मलम लावतात, तसे येथेही लावावे. न्हाणीचे पाणी झाडांस देता येते. परंतु कपडे धुण्याच्या चूर्णाचे पाणी देऊ नये, कारण मुळातच विम्ल असलेली जमीन त्यायोगे अधिक बिघडते.

सावधगिरी

कमरख हे फळ मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मुळीच खाऊ नये. त्यातील द्रव्यांमुळे अशा रुग्णांच्या जिवास धोका पोचतो. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते; तिचा उवांवर उपाय म्हणून वापर करू नये.

सारांश

लहान परसात दोन पेरू, एक सीताफळ व चार पपया ही मांडणी प्रथम करावी. ही झाडे फळास लागली व पाण्याचा अंदाज आला, म्हणजे एका खांबावर ड्रॅगन फ्रूटचा प्रयोग करण्यास हरकत नाही. रोपे १९६९ च्या कायद्यान्वये परवाना मिळालेल्या रोपवाटिकेतूनच पावतीसह घ्यावीत. जमिनीची परीक्षा व वाणांची निवड यांविषयी सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राचा अथवा तालुका कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. नव्या फळाची हौस जरूर करावी; परंतु ती घरच्या विहिरीतील मे महिन्याचे पाणी पाहूनच करावी.