पाटाच्या पाण्याने हवा गार होते, मग अंगाची काहिली का थांबत नाही?

निफाड : एप्रिलच्या भर दुपारी नांदगाव-मनमाडकडून मोटारसायकलवर निफाडकडे येऊन बघा. मनमाडच्या माळावर वारा भट्टीसारखा तोंडावर येतो. लासलगाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना ऊस, द्राक्षबागा सुरू झाल्या, की तोच वारा जरा नरम लागतो. हा मनाचा खेळ नाही. शेतात सोडलेलं पाणी खरोखरच हवा बदलतं.

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण पाऊण युनिट विजेच्या जरा कमी एवढी उष्णता खातं. उन्हाळ्यात हिरव्या पिकाच्या एका एकरातून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं, तर ते झालं सुमारे वीस हजार लिटर. म्हणजे तेरा हजार युनिटहून जास्त उष्णता त्या एका एकराने दिवसभरात गिळली! कोरड्या माळावर हेच ऊन माती तापवतं आणि माती वरची हवा तापवते. ठिबक केलं तरी हे चुकत नाही. मातीतून उडणारं पाणी वाचतं, पण पानं पाणी सोडतच राहतात.

आपल्या जिल्ह्यात हा फरक डोळ्यांत भरतो, कारण पाऊसच वाटून आलेला आहे. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर येवला, नांदगाव, मालेगावकडे पाचशेच्या आसपास. घाटाकडचं पाणी दारणा, गंगापूर, पालखेड या धरणांत साठतं आणि कालव्यांनी पूर्वेला येतं. दारणा धरणाला तर शंभर वर्षं होऊन गेली. पालखेडचं आवर्तन सुटलं की येवल्याच्या कोरड्या पट्ट्यात पाण्यासोबत हवेतला ओलावाही येतो.

इथपर्यंत सगळं चांगलंच वाटतं. पण घरातला पाण्याचा कूलर आठवा. एप्रिलमध्ये तो मस्त चालतो. जूनमध्ये ढग आले की तोच कूलर नकोसा होतो, अंग चिकट होतं. हवेत आधीच ओल असली की पाणी सहजासहजी उडत नाही. आपलं अंगही घाम उडवूनच गार राहतं. त्यामुळे थर्मामीटर दोन अंश कमी दाखवत असला, तरी घाम सुकत नसेल तर शरीराला त्याचा उपयोग नाही.

आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी २०२० मध्ये भारताबाबत हेच मांडलं. सिंचनामुळे पावसाळ्याआधी जमीन आणि हवा थंड होते, पण दमटपणा वाढून दमट उष्म्याचा त्रास वाढतो. हा परिणाम त्यांना मुख्यतः गंगा-सिंधूच्या मैदानात दिसला. आपला पट्टा त्यामानाने लहान, म्हणून परिणामही कमी असणार. पण दिशा तीच.

याची झळ कोणाला बसते? बागेत खरड छाटणीनंतर विरळणी करणाऱ्या, उसात खुरपणाऱ्या बायकांना. मांडवाखाली वारा नसतो, खालून ओली जमीन वाफ सोडते. मैदानी भागात उष्णतेची लाट ठरवताना ४० अंशांचा उंबरठा धरतात. बागायती गावात पारा ३८ वर थांबला तर कागदावर लाट नाहीच, मजूर मात्र चक्कर येऊन बांधावर बसलेला.

'बागायत वाढली की पाऊस वाढतो,' असं पारावर हमखास ऐकायला मिळतं. हे इतकं सरळ नाही. आपल्या शेतातली वाफ उन्हाळी वाऱ्याबरोबर कुठच्या कुठे जाते. ती आपल्याच शिवारात बरसेल याचा भरवसा नाही. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकावर मॉडेल चालवून पाहिलं. उत्तर भारतातल्या भरमसाट सिंचनामुळे सप्टेंबरचा पाऊस वायव्येकडे सरकतो आणि मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढतात, असं त्यात दिसलं. सप्टेंबरचा पाऊस म्हणजे आपल्याकडे लाल कांदा आणि द्राक्षाची छाटणी. तेव्हा पंजाब-हरियाणाच्या भातशेतीशी आपला काही संबंध नाही, असं म्हणून चालणार नाही.

हिवाळ्यात गणित उलटं. निफाडचा पारा खाली गेला की बागायतदार पहाटे विहिरीचं कोमट पाणी बागेला देतात, शेकोट्या पेटवतात. ओली माती दिवसाची ऊब रात्री हळूहळू सोडते, त्यामुळे घडांना थोडा आधार मिळतो.

उन्हाळ्यात आपल्या रानातली हवा किती दमट आहे, हे बघायला महागडं यंत्र नको. दोन साधे थर्मामीटर सावलीत टांगा, एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि दोघांनाही थोडा वारा घाला. दोन्ही आकड्यांतला फरक जितका कमी, तितका घाम सुकायला वाव कमी. पारा तापलेला आणि फरक चार-पाच अंशांवर आला असेल, तर दुपारचं काम सकाळी सहाला घ्या.