बांगड्याच्या डोक्याचा हिशेब

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरातला रोजचा कचरा म्हणजे बांगड्याची डोकी, सुंगटांची टरफलं, भाजीचे देठ आणि चहाचा चोथा. हवामानबदल म्हटला की आम्ही खाणीच्या ट्रकांकडे बोट दाखवतो, आणि ते खोटं नाही. पण डिचोली किंवा पेडण्याच्या पालिकेच्या हातात ना खाण, ना मोपाचा विमानतळ. हातात असतो तो कचरा. ओला कचरा ढिगात दबून हवेविना कुजला की मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो.

साळगावच्या कचरा प्रकल्पात हाच वायू बंद टाकीत धरून त्यावर वीज करतात. २०१६ साली तो सुरू झाला तेव्हा क्षमता होती दिवसाला १०० टन. पणजीने तर २००३ मध्येच रस्त्यांवरच्या कचराकुंड्या हटवायची मोहीम घेतली होती.

छोट्या पालिकेच्या हवामानबदलाच्या आराखड्यात मी एलईडी दिवे आणि सौरपॅनेलांच्या आधी ओला कचरा लिहीन. दिव्यांचं उद्घाटन करता येतं, कचऱ्याचं नाही. म्हणून तो मागे पडतो. आणि वायूच्या टाकीत प्लॅस्टिक शिरलं की यंत्रच अडतं. तेव्हा मासळीची पिशवी रिकामी करून वेगळी ठेवा, एवढं तरी करा.