जांभळी गारगोटी की फ्लोराइट?

गोंदियाहून हावड्याकडे निघालेली गाडी आमगाव, सालेकसा मागे टाकते. दरेकशाला भाताची बांधी विरळ होऊन डोंगर लागतात, आणि सीमा ओलांडली की डोंगरगड. या गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अतिप्राचीन ग्रॅनाइटमध्येच राजनांदगावकडच्या चांदीडोंगरीला फ्लोराइटच्या शिरा आहेत. आपल्या राज्यातला साठा चंद्रपूर जिल्ह्यात, डोंगरगावला. म्हणून या भागात कुणी जांभळट, पारदर्शक खडा आणून दाखवला, तर त्याला हसू नये.

फ्लोराइट म्हणजे कॅल्शियम आणि फ्लोरिन. स्वयंपाकघरातल्या मिठासारखंच हेही हॅलाइड; फक्त हे पाण्यात विरघळत नाही म्हणावं इतकं कमी विरघळतं. रंगावर मात्र अजिबात भरवसा ठेवू नका. जांभळं, हिरवं, पिवळं, बिनरंगी, सगळ्या रूपांत ते येतं आणि जांभळं असलं की हमखास अ‍ॅमेथिस्ट, म्हणजे जांभळी गारगोटी, म्हणून खपतं. त्यापेक्षा चाकूचं टोक ओढून पाहा. गारगोटीची कठीणता 7, तिच्यावर चाकू चालत नाही. फ्लोराइटची 4, त्यावर ओरखडा उठतो. कॅल्साइटवरही उठतो, पण सौम्य आम्लाच्या थेंबानं कॅल्साइट फसफसतं, फ्लोराइट गप्प राहतं. हातात घेतलं तर तेवढ्याच गारगोटीपेक्षा ते सुमारे पाचव्या हिश्शानं जड भरतं. आणि फुटतं ते चार दिशांनी, सपाट. नीट फोडलं तर आठ पैलूंचा तुकडा निघतो, जणू कुणी पैलू पाडून ठेवलाय. अतिनील दिव्याखाली पुष्कळदा निळसर उजळतंही. 1852 साली जॉर्ज स्टोक्स यांनी ‘फ्लुओरेसन्स’ हा शब्द घडवला तो याच खनिजावरून.

आता किंमत. कारखान्याला रूप नको, शुद्धता हवी. 97 टक्क्यांच्या पुढचा माल हायड्रोफ्लुओरिक आम्लासाठी जातो, त्याहून हलका पोलादाच्या भट्टीत मळी पातळ करायला. तिथला भाव टनावर. संग्राहकाचं गणित अगदी उलटं: नाशिक जिल्ह्यातल्या महोदरीचे मधाळ, गोलसर फ्लोराइट जगभर नावाजले आहेत, पण कडेचा एक टवका उडाला की भाव कोसळतो.

म्हणून असा दगड सापडला तर घरी आणून फोडू नका, वनहद्दीत तर हातोडा काढूच नका. जागा टिपून नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाला दाखवा. आधीच उचलला असेल, तर गाव, शिवार आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याच्यासोबत ठेवा. ठिकाण माहीत नसलेल्या नमुन्याला संग्रहालय फारसं विचारत नाही.