वालुकाश्म आणि चुनखडक : ओळख व तुलना

खडकांचे अग्निज, स्तरित व रूपांतरित असे तीन वर्ग मुले तोंडपाठ म्हणतात. परंतु स्तरित खडकाचा तुकडा हाती दिला असता तो त्यांस ओळखता येत नाही. याचे कारण उघड आहे. महाराष्ट्राच्या चार पंचमांशाहून अधिक भूमीवर काळा पाषाण, म्हणजे अग्निज बेसाल्ट, पसरलेला आहे. जो खडक गावाच्या शिवारात नाही, तो दाखवावयाचा कोठून, असा प्रश्न शिक्षकबंधु-भगिनींस पडतो. तथापि थोडा शोध केल्यास नमुने घरांतच सापडतात. पुष्कळ घरांत अंथरलेली शहाबादी फरशी हा चुनखडक होय. आणि काही घरांतील चंदन उगाळण्याची सहाण वालुकाश्माची असते.

हे दोन्ही खडक पाण्याच्या साहाय्याने घडले. परंतु घडण्याची रीत भिन्न आहे. वालुकाश्म हा मोडलेल्या वस्तूंचा खडक आहे. जुने खडक झिजतात, त्यांची वाळू नद्या वाहून नेतात, ती थरांवर थर साचते, आणि कणांच्या फटींत सिलिका, चुना किंवा लोह यांचे लुकण भरून ती घट्ट होते. यातील बहुतेक कण गारेचे असतात. चुनखडक हा मुख्यत्वे विरघळलेल्या द्रव्याचा खडक आहे. पाण्यात विरघळलेला चुना शिंपले, प्रवाळ इत्यादी जीव आपल्या कवचांसाठी घेतात व ती कवचे तळाशी साचतात. किंवा तो चुना पाण्यातूनच साक्यासारखा खाली बसतो. शहाबादी फरशीचा खडक फार प्राचीन असून तो घडला त्या काळी शिंपल्यांचे प्राणी निर्माण झाले नव्हते. म्हणून मुलांना तिच्यात शिंपले शोधावयास लावू नये.

घडणीतील हा भेद ध्यानी आला, म्हणजे इतर भेद पाठ करावे लागत नाहीत. वालुकाश्मावर बोट फिरविले असता कण खरखरीत लागतात व भिंगातून ते निरनिराळे दिसतात. त्यातील गारेचा कण काचेवर ओरखडा काढतो. चुनखडक बहुधा गुळगुळीत असून त्यावरच लोखंडी खिळ्याने ओरखडा उठतो. या ओरखड्याच्या भुकटीवर लिंबाचा रस टाकावा. बारीक बुडबुडे येतात. हा कार्बन डाय-ऑक्साइड वायू होय. स्वयंपाकघरातील शहाबादी फरशीवर लिंबू वा चिंच सांडली की तिची झिलई जाते, ती याच कारणाने.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. केवळ बुडबुडे आले म्हणून तो चुनखडक, असा निर्णय देऊ नये. चुन्याचे लुकण असलेला वालुकाश्मही फसफसतो. परंतु त्याची भुकटी तीव्र शिरक्यात बराच वेळ ठेवली असता तळाशी वाळू शिल्लक राहते. काळ्या जमिनीतील चुनखडीचे खडेही फसफसतात. ते मातीतच तयार झालेले असतात, समुद्रतळाच्या थरांतून आलेले नसतात.

दोहोंचे उपयोगही घडणीप्रमाणेच भिन्न आहेत. चुनखडक भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविला असता त्यातील वायू निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडकापासून ५६ किलो कळीचा चुना मिळतो. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा व कोरपना या भागांत सिमेंटचे कारखाने आहेत, ते तेथील चुनखडकामुळेच. वालुकाश्म भाजून चुना होत नाही. तो इमारतीस व कोरीव कामास उपयोगी पडतो. दिल्लीचा लाल किल्ला तांबड्या वालुकाश्माचा आहे. आपल्याकडे नागपूरजवळील कामठी गावाचे नाव भूशास्त्रज्ञांनी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या वालुकाश्मयुक्त थरांस दिले आहे.

पाण्याशी असलेला दोहोंचा संबंध तर फारच बोधप्रद आहे. सच्छिद्र वालुकाश्म कणांच्या फटींत पाणी धरून ठेवतो. चुनखडकात पाणी भेगांतून शिरते व हळूहळू खडकच विरघळविते. म्हणून बदामी येथील सहाव्या शतकातील लेणी माणसाने वालुकाश्मात छिन्नीने खोदली, तर आंध्र प्रदेशातील तीन किलोमीटरांहून लांब असलेली बेलमची गुहा पाण्याने चुनखडकात कोरली. लेणे आणि नैसर्गिक गुहा यांतील भेद समजाविण्यास याहून चांगली जोडी मिळणे कठीण.

तेव्हा शाळेच्या संग्रहात फुटक्या फरशीचा व जुन्या सहाणेचा एकेक तुकडा अवश्य ठेवावा. खडकाचे नाव शिक्षकांनी आरंभी सांगू नये. प्रथम स्पर्श, नंतर ओरखडा, शेवटी लिंबाचा थेंब, या क्रमाने मुलांनी स्वतः परीक्षा करावी व आपण दिलेल्या नावाचे कारण सांगावे. कारणासह सांगितलेले नाव विसरत नाही. आणि पुढे शिवारात नवा दगड दिसला, तर त्याचीही परीक्षा करण्याची सवय त्यांस लागते.