संगणकीय आरेखनातील अचूकता : काही व्यावहारिक सूचना

आरेखनफलक, टी-स्क्वेअर आणि सेटस्क्वेअर यांच्या साहाय्याने काढलेल्या नकाशाची अचूकता पेन्सिलीच्या टोकावर अवलंबून असे. संगणकाने ही मर्यादा दूर केली, असा समज विद्यार्थिवर्गात रूढ आहे. तो अंशतःच खरा आहे. कागदावरील रेषा हे चित्र असते. संगणकातील रेषा ही दोन बिंदूंच्या निर्देशकांची नोंद असते. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली मॅसॅच्युसेट्स येथे सादर केलेल्या ‘स्केचपॅड’मध्येही हेच तत्त्व होते : मूळ आकृती बदलली की तिच्या सर्व प्रती बदलत. म्हणून नकाशा बरोबर दिसणे व बरोबर असणे यांतील भेद अभ्यासकाने प्रथम ध्यानी घ्यावा. पुढील सूचना ‘ऑटोकॅड’च्या अनुषंगाने केल्या आहेत, त्यांमागील तत्त्वे अन्य प्रणालींनाही लागू पडतात.

१. परिमाण. आरेखन नेहमी प्रत्यक्ष मापातच करावे. प्रमाण छपाईच्या पानावर ठरवावे. ‘युनिट्स’ या आज्ञेने एकक आरंभीच निश्चित करावे. मीटरमधील नकाशा मिलिमीटरमधील नकाशात एककाची नोंद न पाहता घातल्यास इमारत हजारपट लहान होते.

२. टोकांची जुळणी. दोन रेषांची टोके नजरेने जुळवू नयेत. ‘ऑब्जेक्ट स्नॅप’चा अवलंब करावा. पडद्यावर न दिसणारी फट राहिली तरी आकृती बंद होत नाही, आणि मग रेखाछायन भरत नाही किंवा क्षेत्रफळ मिळत नाही.

३. आरंभबिंदूपासूनचे अंतर. यूटीएम पद्धतीत पुण्याचा उत्तर-निर्देशक सुमारे २० लाख मीटर, म्हणजे सुमारे २०० कोटी मिलिमीटर येतो. नकाशाच्या धारिकेत संख्या ६४ बिटांत साठवल्या जात असल्याने तेथे हानी नगण्य असते. परंतु पडद्यावरील चित्रणासाठी बहुधा ३२ बिटांच्या संख्या वापरतात, आणि एवढ्या मोठ्या मूल्यापाशी अशा दोन लगतच्या संख्यांतील अंतर १२८ मिलिमीटर असते. रेषा थरथरतात, वर्तुळे वेडीवाकडी दिसतात, त्याचे हे एक कारण होय. यास्तव सर्वेक्षणाची मूळ धारिका अबाधित ठेवावी. कामाची प्रत पूर्णांकी अंतराने आरंभबिंदूजवळ आणावी आणि ते अंतर नकाशावरच नोंदवावे, म्हणजे पुन्हा मूळ स्थानी नेता येते.

४. मापांचे आकडे. सर्वांत घातक सवय ही. भिंत २९५० मिलिमीटर काढली गेली, हवी होती ३०००. अशा वेळी रेषा न सुधारता मापाचा आकडाच हाताने बदलला जातो. छापील प्रत वाचणारा गवंडी ३००० धरतो; धारिकेवरून कापणारे यंत्र २९५० कापते. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात, आणि चूक उघडकीस येते ती जोडणीच्या वेळी. ‘क्विक सिलेक्ट’ने असे बदललेले आकडे शोधता येतात, आणि ‘डिमरिअसोक’ने मूळ मोजमाप परत आणता येते. त्यानंतर रेषाच सुधारावी.

५. शुद्धीकरण. धारिका दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तीन आज्ञा चालवाव्यात. ‘ओव्हरकिल’ एकावर एक पडलेल्या रेषा काढून टाकते. त्या राहिल्यास लेसर यंत्र एकाच जागी दोनदा कापू शकते. ‘पर्ज’ न वापरलेले स्तर व आकृतिखंड काढते. ‘ऑडिट’ धारिकेतील दोष तपासते. मात्र ‘ओव्हरकिल’मधील सहनमर्यादा अल्प ठेवावी, ती मोठी ठेवल्यास खऱ्या, परंतु जवळजवळच्या रेषाही नाहीशा होतात.

यांपैकी कोणतीही सूचना कठीण नाही. तथापि नकाशा काढणारा आणि त्यावरून बांधणारा यांची भेट बहुधा होत नाही. त्यांच्यामध्ये केवळ ती धारिका असते. तीत जे नोंदले असेल, तेच पुढे उभे राहते.